पृथ्वी का हसली? जव्हारचा राजवाडा आणि माझी पाच हात जागा



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १२, अध्याय ३, श्लोक १ ते १५.

भाग छोटा आहे, जेमतेम पंधरा श्लोक. शांतपणे अर्थासकट वाचला तरी दहा-पंधरा मिनिटांत होतो. मला मात्र तो पचायला आठ महिने लागले. का, ते शेवटी सांगतो. आधी श्लोकांकडे वळू.

कोण सांगतंय आणि कोण ऐकतंय?

भागवत वाचताना हा प्रश्न विसरायचा नाही. सांगणारे शुकदेव. त्यांच्याकडे घर नाही, भांडी नाहीत, अंगावर धड वस्त्रही नाही. ऐकणारा परीक्षित, हस्तिनापूरचा सम्राट, पांडवांचा नातू. सात दिवसांत तक्षकाच्या दंशाने मरण येणार हे कळल्यावर त्याने राज्य मुलावर सोपवलं आणि तो गंगेच्या काठावर येऊन बसला. बारावा स्कंध म्हणजे त्या सात दिवसांचा अगदी शेवट. घड्याळ संपत आलंय.

आणि अशा वेळी शुकदेव त्याला काय सांगतात? पहिल्या अध्यायात राजांची यादी. नंद, मौर्य, शुंग, कण्व, आंध्र… कोणत्या घराण्याने किती वर्षं राज्य केलं, कोणी कोणाला मारून गादी घेतली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मरणाऱ्या माणसाला हा इतिहासाचा तास कशाला? हे म्हणजे एखाद्याचा नोटीस पिरियड संपत असताना त्याला कंपनीच्या जुन्या सीईओंची नावं वाचून दाखवण्यासारखं झालं.

तिसऱ्या अध्यायात त्याचं उत्तर येतं. तिथे शुकदेव अचानक कॅमेरा फिरवतात. इतका वेळ राजे पृथ्वीकडे बघत होते, आता पृथ्वी राजांकडे बघते. आणि ती हसते.

पृथ्वीचं म्हणणं, माझ्या शब्दांत

पृथ्वीला रागही आलेला नाही आणि ती शापही देत नाही. तिला फक्त हसू येतंय. अंगणात दोन पोरं "हा डोंगर माझा, तो चंद्र तुझा" अशी वाटणी करत असली की आजीला जसं हसू येतं, तसं.

ती म्हणते, हे राजे स्वतःच काळाच्या हातातली खेळणी आहेत आणि मला जिंकायला निघालेत. शरीर पाण्यावरच्या फेसासारखं, पण त्याच्या भरवशावर यांच्या योजना किती लांबच्या! आधी सहा विकार जिंकू, मग मंत्री आणि अधिकारी मुठीत घेऊ, मग नगरवासी, मग वाटेतले शत्रू, मग समुद्रापर्यंतची सगळी जमीन. आपल्या भाषेत पक्का रोडमॅप. फेज वन, फेज टू, फेज थ्री. फक्त एक डिपेंडन्सी कोणी लिहिलेली नाही: मरण जवळ उभं आहे.

इथे एक बारकावा आहे, तो सुटू देऊ नका. त्या रोडमॅपची पहिली पायरी आहे स्वतःला जिंकणं. म्हणजे राजांना साधना माहीत होती. ते संयम करत होते, लवकर उठत होते, मनावर ताबा ठेवत होते. पण कशासाठी? जमीन मिळवण्यासाठी. पृथ्वीचा टोला नेमका इथे बसतो. ती म्हणते, स्वतःला जिंकण्याचं फळ मोक्ष आहे, आणि हे लोक ते फळ देऊन माती विकत घेतायत.

आपलं काय वेगळं आहे? पहाटे पाचला उठायचं, ध्यान करायचं, फोन बाजूला ठेवायचा. आणि हे सगळं पुढच्या अप्रेझलसाठी. ध्यानाचं ॲपसुद्धा आपल्याला "प्रॉडक्टिव्हिटी वाढेल" असंच सांगून विकलं जातं. वाईट काही नाही त्यात. पण पृथ्वी हसत असेल.

मग ती सगळ्यात बोचरी गोष्ट सांगते. माझ्यासाठी बाप-लेक भांडतात, भाऊ-भाऊ भांडतात. "ही सगळी माझीच, तुझी नाही" असं म्हणत एकमेकांना मारतात आणि मरतात. मी मात्र आहे तिथेच असते.

जव्हारचा वाडा

आमचं गाव हरसूल, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. घाट, साग, भात आणि नागलीची शेतं, आणि पावसाळ्यात दोन फुटांवरचं न दिसणारं धुकं. तिथून पश्चिमेकडे निघालं की गाडीने साधारण तासा-दीड तासावर जव्हार लागतं. आमच्याकडे लहान मुलांना "राजा" म्हटलं की पहिल्यांदा जव्हारचाच राजा आठवतो. त्याचा वाडा बघायला शाळेची सहल जायची.

जव्हारचं मुकणे घराणं हे महादेव कोळी राजांचं घराणं. आमच्या डोंगरातल्या आदिवासी माणसाला या गोष्टीचा केवढा अभिमान वाटतो, ते शहरात वाढलेल्यांना सांगून कळणार नाही. मूळपुरुष जयबा मुकणे. त्यांची एक आख्यायिका सांगतात. जयबाने एका वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. नायक हसून हो म्हणाला. जयबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या, आणि त्या लांबच लांब वादीने नायकाचा सगळा मुलूखच वेढून टाकला! गंमत म्हणजे हीच गोष्ट हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज नगराबद्दलही सांगतात. तिथे ती डायडो नावाच्या राणीची आहे. म्हणजे जमीन मिळवायची युक्ती माणसाला सगळीकडे एकच सुचते.

जयबाचा मुलगा नीमशहा. त्याला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली "शहा" किताब दिला. ही गोष्ट घराण्याला एवढी मोठी वाटली की ५ जून १३४३ या दिवसापासून जव्हारने स्वतःचा वेगळा शक सुरू केला. विचार करा, वर्ष मोजायची सुरुवातच आपल्या किताबापासून! काळालाच आपलं नाव द्यायचं. महत्त्वाकांक्षेची यापेक्षा उंच पायरी कुठली असणार?

पण काळ कोणाच्या शकाने चालत नाही. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर असताना जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं असं सांगतात. ती जागा शिरपामाळ म्हणून आजही दाखवतात. आठच वर्षांनी, १६७२ साली, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं. पुढे मराठ्यांच्या काळात मुलूख आक्रसत गेला, मग इंग्रज आले. एकेकाळी बावीस किल्ले सांगणारं राज्य एका छोट्या संस्थानावर आलं.

आणि अशा उतरत्या काळात तो नवा राजवाडा उभा राहिला, जयविलास. यशवंतराव मुकणे महाराजांचा. पाश्चात्त्य धाटणीची इमारत, गुलाबी छटेचा दगड, भोवती झाडी. लहानपणी समोर उभा राहिलो तेव्हा मान मागे टाकून बघावं लागलं होतं. आमच्या सगळ्या आळीची घरं त्याच्या एका बाजूत मावली असती.

यशवंतराव महाराज १९१७ साली जन्मले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि सहाशे वर्षांचं राज्य संपलं. पुढे तेच महाराज लोकसभेवर निवडून गेले. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुजरा केला, त्यांच्या दारात मत मागायला जायचं! मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही, उलट मोठेपणच दिसतो. गादी गेल्यावर रुसून न बसता माणसांत उतरणं सगळ्यांना जमत नाही.

वाडा अजून उभा आहे. तिथे सिनेमांची शूटिंगं होतात. म्हणजे खोटा राजा येतो, खऱ्या वाड्यात दोन दिवस बसतो, पॅकअप झालं की निघून जातो. मला आता वाटतं, पृथ्वीला खरा राजा आणि शूटिंगचा राजा यांत फार फरक दिसत नसेल. एकाचं शेड्यूल थोडं लांब होतं, इतकंच.

सूर्यराजाची कारंजी

कोणी म्हणेल, जव्हार लहान होतं म्हणून असं झालं. ठीक, मग जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. फ्रान्सचा चौदावा लुई. चार वर्षांचा असताना १६४३ साली राजा झाला आणि १७१५ पर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षं, राजा राहिला. स्वतःला सूर्याची उपमा घेतली. वडिलांचं शिकारीचं छोटं घर होतं व्हर्साय गावात, त्याचा अवाढव्य महाल केला आणि १६८२ साली सगळा दरबार तिथे हलवला. एकट्या आरसे महालात ३५७ आरसे.

पण जागा अशी निवडली की पाणी पुरेना. बागेत शेकड्यांनी कारंजी. सीन नदीचं पाणी वर चढवायला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, तरी सगळी कारंजी एकाच वेळी चालवता येईनात. मग काय केलं? बागेत माणसं उभी केली. राजा येताना दिसला की शिट्टी वाजायची, पुढचं कारंजं सुरू आणि मागचं बंद! वेबसाइट बनवणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, लेझी लोडिंग म्हणतात त्याला. फक्त फसवला जाणारा युजर इथे खुद्द राजा होता. ज्याच्या शब्दावर देश चालत होता, त्याच्या नजरेआड त्याची कारंजी कोरडी असायची.

मरणाच्या आधी लुईने आपल्या पाच वर्षांच्या पणतूला जवळ बोलावलं. तोच पुढचा राजा होता. त्याला लुईने सांगितलं की माझी बांधकामाची आवड आणि माझी लढायांची आवड, या दोन्ही गोष्टी तू उचलू नकोस. बहात्तर वर्षांच्या राज्याचा हा शेवटचा कोड रिव्ह्यू. आणि १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसहून चालत आलेल्या जमावाने राजघराण्याला त्या महालातून कायमचं बाहेर काढलं.

मग बांधूच नये का?

इथे मी बराच अडलो होतो. पृथ्वीने जी नावं घेतली आहेत ती वाचा. रावण, हिरण्यकशिपू, नरकासुर आहेत, ते ठीकच. पण त्याच यादीत पृथू आहे, भगीरथ आहे, खट्वांग आहे. पृथूने तर चौथ्या स्कंधात जमीन सपाट केली, गावं आणि नगरं वसवली, उपाशी प्रजेला अन्न दिलं. तो विष्णूचा अंश. मग तो रावणाबरोबर एका यादीत कसा?

मला आता जे समजतं ते असं. ही आरोपींची यादी नाही, ही हजेरी आहे. चांगले-वाईट, सगळे आले आणि सगळे गेले. भागवताचा राग बांधकामावर नाही. बोट आहे एका शब्दावर: ममता.

मराठीत ममता म्हणजे माया, प्रेम. आईची ममता. संस्कृतात शब्द फोडून बघा: "मम" म्हणजे माझं. ममता म्हणजे माझेपण. पृथ्वी म्हणते, या सगळ्यांनी माझ्यावर खूप ममता केली, आणि काळाने त्यांच्या फक्त गोष्टी शिल्लक ठेवल्या. प्रेम केलं असतं तर तिला चाललं असतं. त्यांनी "माझी" म्हटलं.

म्हणून भगीरथ आपल्याला कशासाठी आठवतो बघा. त्याचा महाल कुठे होता, कोणाला ठाऊक नाही. त्याने आणलेलं पाणी आठवतं, आणि ते पाणी त्याने आपल्या अंगणात अडवलं नाही.

चौदाव्या श्लोकात शुकदेव परीक्षिताला सरळ सांगतात, की या राजांच्या कथा मी तुला सांगितल्या त्या ज्ञान आणि वैराग्य यावं म्हणून. त्या म्हणजे वाणीचं वैभव, परमार्थ नव्हे. हे आपल्या पिढीने लिहून ठेवावं असं आहे. आपण दर रविवारी एका किल्ल्यावर जातो, ड्रोन उडवतो, मागे ढोल-ताशा लावून रील टाकतो. छाती भरून येते. येऊ द्या, मीही जातो. पण खाली उतरताना एकदा तरी मनात यायला हवं, की ज्यांचं हे होतं ते कुठे आहेत? तो प्रश्न आला नाही, तर आपण फक्त वाणीचं वैभव घरी घेऊन आलो.

आणि पंधरावा श्लोक नुसतं "सगळं नश्वर आहे" म्हणून सोडून देत नाही. तसं सोडलं असतं तर आपण उदास होऊन झोपलो असतो. शुकदेव सांगतात, कृष्णाच्या ठिकाणी निर्मळ भक्ती हवी असेल तर त्याचे गुण पुन्हा पुन्हा ऐक, रोज ऐक. कारण मनातून "माझं" काढलं की जागा रिकामी राहत नाही. तिथे काहीतरी भरावं लागतं. नाहीतर तासाभरात दुसरं "माझं" येऊन बसतं.

बोहाडा

आमच्या डोंगरात बोहाडा असतो. रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, हिरण्यकशिपू येतो. संबळ वाजतो, पेटत्या उजेडात रावणाचं सोंग असं नाचतं की लहान पोरं आईच्या मागे लपतात. मीही लपायचो. पहाटे मुखवटा उतरतो आणि आत आपल्याच ओळखीचा घामाघूम झालेला काका असतो. तो चहा पितो आणि शेतावर जातो.

रावणाचं सोंग घेतलेला माणूस सकाळी लंका मागत नाही. आम्ही मात्र मुखवटा उतरवायलाच विसरतो.

आता माझे आठ महिने

हरसूलला आमची गावठाणात जागा आहे. जुनं घर पडायला आलं होतं. बाबा गेल्यानंतर दादा आणि वहिनी तिथे राहून शेती बघतात. मी नोकरीला शहरात. दोन-चार चांगली वर्षं आली, हातात पैसा आला, आणि मी गावी घर बांधायचं ठरवलं. दोन मजली, वर गच्ची, समोर गाडीसाठी पोर्च. प्लॅन लॅपटॉपवर मीच काढला. थ्रीडी करून सगळ्यांना दाखवला. मनात काय होतं, ते आज प्रामाणिकपणे लिहितो: शाळेच्या सहलीत मान मागे टाकून जे बघितलं होतं, तसं कोणीतरी माझं घर बघावं.

पोर्च बसेना. पाच हात जागा कमी पडत होती. ती जागा दादाच्या बाजूची. तिथे तो सरपण रचतो, भात निघाला की पेंढ्याची उडवी घालतो. मी म्हटलं, उडवी शेतावर घाल. तो म्हणाला, गुरं घरी आहेत, पेंढा शेतावर कशाला? मी मोजणी करायचं बोललो. सख्ख्या भावाला. त्या रात्री मी त्याला व्हॉट्सॲपवर एक लांब मेसेज पाठवला. त्यात हिशोब होता. बाबांच्या आजारपणात कोणी किती पैसे घातले, तो. ब्लू टिक आली. उत्तर आलं नाही.

आठ महिने आम्ही बोललो नाही. आणि या आठ महिन्यांत मी इथे रोज भागवतावर लिहीत होतो. तुम्ही वाचत होतात, "खूप छान दादा" म्हणत होतात. मी रोज उत्तराखाली हात जोडत होतो.

मग क्रमाने वाचत वाचत हा अध्याय आला. "भाऊ भावाशी भांडतो, ही माझीच म्हणत." वाक्य वाचलं आणि पुढे जाता येईना. जयबाने निदान अख्खा मुलूख वेढला होता. मी पाच हातांसाठी बैलाचं कातडं कापत बसलो होतो. आणि त्यातही गंमत बघा, दादा माझ्या बाबांच्या उशाशी होता तेव्हाचा हिशोब कुठल्या कॉलममध्ये धरायचा, तेच मला येत नव्हतं.

फोन केला. काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, चांगली तीन मुद्द्यांची माफी. दादाने फोन उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "तुझा तांदूळ काढून ठेवलाय. वहिनी म्हणते पोरांना भोकं पडायच्या आत ने."

तीन मुद्दे तसेच राहिले. मी फक्त "हो दादा" म्हणालो आणि मला पुढे बोलता आलं नाही. तो म्हणाला, "नेटवर्क जातंय का रे?" मी हो म्हटलं.

नव्या प्लॅनमध्ये पोर्च नाही. गाडी आंब्याखाली उभी राहील, वर पानं पडतील. खोटं कशाला बोलू, प्लॅन बदलताना हात थोडा थरथरला. अजूनही कधी कधी मनात येतं, की पोर्च शोभला असता. म्हणजे मुखवटा पूर्ण उतरलेला नाही. पण आत घाम आलेला माणूस आहे, हे कळलं.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभरात "माझं" हा शब्द किती वेळा बोललात ते मोजा. माझी सीट, माझा प्रोजेक्ट, माझा पार्किंग स्लॉट. बदलू नका, फक्त मोजा.

२. जमीन, घर किंवा पैसा यावरून ज्याच्याशी बोलणं तुटलंय असा एक माणूस आठवा. शक्य असेल तर फोन करा. मुद्दे लिहून काढू नका.

३. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं हरीचे गुण सांगणारं काहीही ऐका. रिकामी झालेली जागा भरून घ्या.

प्रार्थना

हे गोविंदा, जमिनीला मी माझी म्हणतो आणि ती हसते. तिच्या त्या हसण्याचा मला राग येऊ देऊ नकोस. मलाही तिच्याबरोबर हसता येऊ दे. आणि जे घर बांधीन, त्याच्या दारातून माझा भाऊ मान न वाकवता आत येऊ दे.

उद्या याच अध्यायात पुढे जाऊ. परीक्षित विचारतो, कलियुगातल्या माणसांनी आपले दोष घालवायचे तरी कसे? उत्तर आपल्यासाठीच आहे.

राम कृष्ण हरी!